लाजेचा घास

मिर्सीनीने निखाऱ्यांवरून ऑक्टोपसचा भाजलेला पाय फळीवर घेतला आणि नेहमीपेक्षा निम्म्या जाडीच्या चकत्या कापायला सुरुवात केली. जाड चकत्या लवकर संपल्या असत्या.

तिच्या खाणावळीबाहेर, धक्क्याकडच्या टेबलाशी हवालदार थेमेलीस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. रोज दुपारी तो टेकडीपलीकडच्या खाडीपर्यंत गस्त घालत असे. आज त्या खाडीत, खडकांच्या आड, तिचा भाऊ इग्नातीस कोळी पाराशोसच्या होडीची वाट पाहत होता. लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावल्यापासून पोलीस त्याच्या मागावर होते. त्याला घेऊन होडी समोरच्या तुर्की किनाऱ्याच्या दिशेने भूशिराला वळसा घालून जाईपर्यंत हवालदाराला त्या खुर्चीवरून उठू द्यायचे नव्हते. त्यासाठी मिर्सीनीच्या हाताशी फक्त हे एक ताट होते.

तिने चकत्यांच्या कडेने खारवलेल्या तारल्या मांडल्या. तेलात मुरलेल्या चीजचे तुकडे, काळी ऑलिव्ह, लसूण-काकडीचे घट्ट दही. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात ठेवताना एक गुंडाळी तिच्या बोटांतून निसटून उलगडली. तिने ती पुन्हा वळली.

"अगं पोरी, ऑक्टोपस भाजतेस की त्याला पोहायला शिकवतेस?" बाहेरून प्रोकोपीसकाका ओरडला. तिच्याखेरीज इथे एकट्या त्यालाच सारे ठाऊक होते, आणि त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

तिने ताट टेबलाच्या मधोमध ठेवले आणि तिघांसाठी काटे मांडले. वेगळ्या बश्या कुणालाच नव्हत्या. इथे सगळे एकाच ताटातून खात. बडीशेपेच्या दारूच्या, उझोच्या, पेल्यांत काकाने पाणी ओतले, तशी ती दुधासारखी पांढरी झाली.

"मला निघायला हवं," हवालदार म्हणाला.

"ताट समोर असताना?" काका म्हणाला. "ते तुमच्या डोंगरातल्या गावात चालत असेल, साहेब. इथे वाढणारीचा अपमान होतो."

हवालदार हसला. त्याने पेला ओठांना लावला, एक चकती काट्यावर घेतली आणि उजेडात धरली. "आज फार पातळ कापल्यास, मिर्सीनी."

"जून निघाला, साहेब. चावायला त्रास नको म्हणून."

"माझे दात शाबूत आहेत."

"असायलाच हवेत," काका म्हणाला. "सरकारी दात आहेत ते."

यावर कुणीच हसले नाही. काकाने घाईघाईने एक तारली तोंडात घातली आणि तो ती हाडांसकट चावू लागला.

ताट हळूहळू रिकामे होत गेले. मिर्सीनी मधूनमधून पाव आणून ठेवत होती, दह्यावर तेल सोडत होती. मग टेकडीपलीकडून इंजिनाची टकटक ऐकू आली. या गावात होडी दिसण्याआधी तिच्या आवाजावरून ओळखली जाई, आणि हवालदारही आता इथे मुरला होता. त्याने मान वर केली.

"पाराशोसचं इंजिन."

काका ऑलिव्हची बी चोखत राहिला.

"सकाळी तर म्हणत होता, बंद पडलंय," हवालदार म्हणाला.

"त्याचं इंजिन आणि त्याची बायको," काका म्हणाला, "कधी रुसतील आणि कधी बोलायला लागतील, देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

हवालदाराने ताटाकडे पाहिले. ऑक्टोपसची एकच चकती उरली होती. सामाईक ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. त्याला लाजेचा घास म्हणतात. तो ताटात आहे तोवर पंगत मोडत नाही. तो कुणी खाल्ला, की सगळे उठतात.

त्याने काट्याने ताट मिर्सीनीपुढे सरकवले.

"मघापासून तू एक घासही घेतला नाहीस. घे."

इंजिन अजून वाजत होते. चकती खाल्ली, तर तो उठणार होता. नाकारली, तर तिला कशाची तरी धास्ती आहे, हे त्याला कळणार होते. मिर्सीनीने काटा उचलला, चकतीचे दोन भाग केले आणि एक तोंडात घातला. ती चावत राहिली.

हवालदार तिच्या जबड्याकडे पाहत होता. मग त्याने आपला काटा पुढे केला, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले आणि त्यातला एक खाल्ला.

"आता तुम्ही, काका."

काका मोठ्याने हसला. हसू मध्येच तुटले. त्यानेही उरलेल्या तुकड्यातला अर्धाच खाल्ला. आता ताटात नखाएवढा तुकडा राहिला होता आणि त्याच्याभोवती तेल पसरले होते. तिघांचे काटे टेबलावर होते. टकटक भूशिराशी पोचली, विरली, वाऱ्याबरोबर एकदा परत आली. मग धक्क्याला बांधलेल्या होड्यांच्या साखळ्यांचा आवाज तेवढा उरला.

हवालदाराने तो तुकडा काट्याच्या टोकावर घेतला, तोंडात टाकला आणि उठून टोपी घातली.

"उद्या गस्त वेळेवर व्हायला हवी," तो म्हणाला. कुणाला, ते कळले नाही.

तो कुठल्या बाजूला वळतो हे पाहण्याचे मिर्सीनीला धैर्य झाले नाही. तिने नुसते ऐकले. बूट टेकडीच्या वाटेला लागले नाहीत.

"गेला," काका पुटपुटला.

तिने ताट उचलले, काटे गोळा केले आणि हवालदाराच्या पेल्याला हात घातला. तिच्या बोटांवर उझो सांडली. पेला अजून पहिल्यासारखाच काठोकाठ भरलेला होता.