घरचा होस्ट

लेक चार दिवस राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसली होती. आपल्या कॉम्प्युटरवर तिनं गेम मांडला होता, पण पोर्ट फॉरवर्डिंग जमेना, त्यामुळे बाहेरच्या मैत्रिणींना राउटर काही आत घेईना.

मी बॅग भरून तिचा निरोप घ्यायला गेले. किती वर्षांनी दोन दिवस बहिणीकडे निघाले होते!

"आई, जमलं एकदाचं! आता पोरी हव्या तेव्हा येतील, हव्या तेव्हा जातील."

"आणि तू गं?"

"मी होस्ट ना! मी बाहेर पडले की सगळ्यांचाच खेळ बंद."

तेवढ्यात सासूबाईंच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "अगं, आईला उठवणं-बसवणं मला एकट्याला नाही जमायचं. तू पुढच्या महिन्यात जा ना."

गेल्या महिन्यातही हेच म्हणाले होते. मी बॅग उचलून परत कपाटावर टाकली.

लेकीची नजर स्क्रीनवरच. "होस्ट होणं सोपं नसतं हं आई. किती व्हिडिओ बघून शिकले मी!"



"हो का? मला तर लग्न झालं त्याच दिवशी जमलं."