वेगळं अंथरूण

"पाय पुढे कर," नवरा म्हणाला आणि तिच्या तळव्याला तेल चोळू लागला. तिने डोळे मिटले. सांगावं? नको. अजून नको.

लॅबमध्ये ती रोज लोकांचं रक्त काढायची. एकदा सुई तिच्याच बोटात घुसली. ज्याचं रक्त काढत होती, त्याला एचआयव्ही होता. डॉक्टरांनी तासाभरात प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. तपासणी केली. निगेटिव्ह.

पण.

रुग्णांना ती स्वतःच समजावायची, "आजचा रिपोर्ट आजचा नसतो. लागण झाली असली तरी रक्तात दिसायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी परत या." तेच वाक्य आता घरी आलं होतं. भांडी घासताना पाठीशी उभं राहायचं. आरशात खांद्यावरून डोकावायचं. परत या. परत या.

झोप उडाली, तेव्हा ती वैद्यांकडे गेली. ते म्हणाले, "गोळ्या चालू आहेत तोवर पोटात काही देत नाही. तळव्यांना तेल लाव, वेळेवर आडवी हो. मन थाऱ्यावर येईल. रक्ताचं मात्र तपासणीलाच विचार, पोरी. मला नको."

एवढंच. पुढचं पथ्य तिने मनाने रचलं. "वैद्यांनी तीन महिने वेगळं झोपायला सांगितलंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. लगेच अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेला. का, कशाला, काही नाही. तेल चोळायचं काम तेवढं अंगावर घेतलं.

"वैद्य बदल गं वहिनी!" नणंद खिदळली. "असलं पथ्य देतात होय कुणी?" ती कशीबशी हसली. नवरा उठून आत गेला.

तीन महिने सरले. शेवटचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. आता पक्का.

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. सगळं ओकून टाकलं. सुई, गोळ्या, खोटं पथ्य. "तुझ्या जिवाला धोका नको म्हणून रे. पहिला रिपोर्ट चांगला आला, पण तो इतक्या लवकर धरत नाहीत."

सुई कधी लागली, त्याने विचारलं नाही. गोळ्यांचंही नाही. तो भिंतीला टेकला.

"म्हणजे माझा लगेच चांगला आलेला रिपोर्ट," तो म्हणाला, "तोही धरायचा नाही का गं?"