बावन्न टक्के गुरुजी

सत्त्याऐंशी टक्क्यांवर यंत्र पुन्हा गचकलं.

हेमंतने कपाळावर हात मारला, ओलं गोणपाट पिळलं आणि तापलेल्या डबीखाली पुन्हा सरकवलं. चेहरा बघून हजेरी लावणारी ही डबी वरून, शिक्षण खात्याकडून आली होती. ती इतकी जुनी होती की चेहरे ओळखणारी तयार लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्राम, तिच्यावर चालतच नव्हता. म्हणून हेमंतने सोर्स कोड उतरवून घेतला आणि शाळेच्या पडवीत, खिचडीच्या टोपाशेजारी बसून, लायब्ररी मुळापासून बांधायला घेतली. एकदा बांधायला सहा तास लागायचे. मोखाड्याच्या या टोकाला वीज सलग सहा तास टिकली तर लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवत.

“शिजला का रं तुझा?” काशीमावशीने विचारलं. पोरांची खिचडी तीच रांधायची.

“नाही अजून, मावशी.”

“माझी दोनदा शिजून झाली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाची लायब्ररी बांधून झाली. तिच्याबरोबर आलेल्या चारशे बारा चाचण्या हेमंतने चालवल्या. सगळ्या पास. मग त्याने स्वतःची चाचणी लावली: शाळेतली चार माणसं डबीसमोर बसवायची आणि त्यांचे चेहरे सरकारी नोंदीतल्या फोटोंशी ताडायचे. काशीमावशी, सत्त्याण्णव टक्के. प्रगतीबाई, शहाण्णव. अंगणवाडीच्या धोंडीबाई, तोंडात मिसरी असूनही पंचाण्णव.

गुरुजी, बावन्न.

साठच्या खाली डबीचा दिवा लाल व्हायचा आणि ती बायकी आवाजात म्हणायची, “अनोळखी.”

“असू दे,” गुरुजी म्हणाले. “एवढं काय त्यात.”

त्यात सगळंच होतं. सोमवारी अकराला साहेब चाचणी बघायला येणार होते आणि मंगळवारपासून डबीची हजेरी तीच खरी. तीन दिवस अनोळखी म्हणजे गुरुजी गैरहजर. गुरुजींची नोकरी गेली की उरल्या एकट्या प्रगतीबाई, आणि एका शिक्षिकेची बावीस पोरांची शाळा बंद करून खोडाळ्याला जोडायचा कागद सहीपुरताच थांबला होता. खोडाळा सहा किलोमीटर, वाटेत दोन ओहोळ. याच ओहोळांतून गुरुजींनी हेमंतला परीक्षेला खांद्यावर बसवून नेलं होतं.

नोंदीतला फोटो एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. गालफडं बसलेला, मिशीवाला तरुण; खाली नाव, उमेश वारघडे, सहशिक्षक. गुरुजींना नावाने हाक मारायची पाड्यावर कुणाची छाती नव्हती, त्यामुळे ते वाचताना हेमंतला उगीचच आगाऊपणा केल्यासारखं वाटलं.

काशीमावशीने फोटो लांब धरला, जवळ धरला. “कान तेच हायेत. नाक बी तेच. यंतराचे डोळे तपास.”

हेमंतने वेग वाढवणारे पर्याय बंद करून लायब्ररी पुन्हा बांधली. बावन्न. जुनी आवृत्ती आणून बांधली. एक्कावन्न. गुरुजींना दारात बसवलं, खिडकीत बसवलं, अंगणात उन्हात बसवलं. शेवटी चुलीतला कोळसा घेऊन त्यांना मिशी काढली. पोरं हसून लोळली. त्रेपन्न.

हेमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींनी टॉवेलने मिशी पुसली. “तुझ्या यंत्राचा दोष नाही, बाळा,” ते हळूच म्हणाले.

एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि बावन्न टक्के!

रविवारी साहेबांच्या जेवणासाठी खोडाळ्याच्या शेठकडून दोन गावठी कोंबडे आले. शेठचं जव्हार रस्त्याला रिसॉर्ट होतं. दर पंधरा ऑगस्टला तो पोरांना वह्या पाठवायचा, पण शाळेची पायरी कधी चढला नव्हता. विद्येच्या देवळात आपलं काय काम, म्हणायचा. पाड्याला या नम्रतेचं फार कौतुक.

सोमवारी सकाळी हेमंतने कोडातली एक ओळ उघडली आणि साठच्या जागी पन्नास लिहिलं. मागचं उत्तर बघून गणित सोडवायचं नाही, हे त्याला गुरुजींनीच शिकवलं होतं.

अकराला साहेब आले. त्यांची जीप घाटात बसली होती, म्हणून शेठच्या गाडीतून आले. शेठ काळा गॉगल लावून गाडीतच बसून राहिला.

काशीमावशी, हिरवा. प्रगतीबाई, हिरवा. धोंडीबाई, हिरवा. मग गुरुजी स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“डोळे उघडा, गुरुजी,” हेमंत पुटपुटला.

हिरवा. “उमेश वारघडे, सहशिक्षक, हजर,” डबी म्हणाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. काशीमावशीने डबीवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

“छान,” साहेब म्हणाले. “पण हे येईल त्याला हजर म्हणत नाही ना? एखादा बाहेरचा माणूस बसवा बघू.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “शेठ! या जरा.”

“मी कशाला, साहेब?”

“जेवण गार होतंय, साहेब,” गुरुजी घाईने म्हणाले.

“होऊ दे. दोन मिनिटांचं काम. या शेठ, आणि तो गॉगल काढा.”

शेठने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी जमिनीकडे पाहिलं. शेठ पहिल्यांदाच शाळेची पायरी चढला.

हेमंतने डबीच्या दिव्यावर डोळे रोखले. चाळणीची भोकं त्यानेच मोठी केली होती. आता त्यातून कोण घरंगळेल त्याचा नेम नव्हता. लाल हो, तो मनात म्हणाला. बाई गं, एवढं एकदा लाल हो.

हिरवा.

“उमेश वारघडे, सहशिक्षक, हजर.”

साहेब हसायला लागले. पन्नासने घात केला! आकडा झाकायला हेमंतने लॅपटॉपवर झडप घातली. एक्कावन्न असेल, फार तर बावन्न.

अठ्ठ्याण्णव.