गेममधले बंद दरवाजे

गेल्या हंगामात उसाच्या ट्रकवरून पडल्यापासून बादलच्या पायांत जीव नव्हता. शेजारच्या इंझोरी गावातला मित्र गोपाल रोज त्याला डबा आणून द्यायचा. आज त्याने बादलच्या मोबाइलमध्ये स्केटबोर्डचा गेम टाकून दिला.

"एकदम खरा हाय, पाह्य. डावा अंगठा म्हंजे डावा पाय, उजवा तो उजवा. गिट्टीत चाक अडलं का माणूस आपटतेच."

बादल आपटला, उठला, पुन्हा सुसाट निघाला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"खोट एकच हाय," गोपाल म्हणाला. "सारं शहर सुनं. दरवाजे बंद, अन् रस्त्यावर एक माणूस नाई. असं कुठं असते काय?"

बादलचे अंगठे थांबले. दिवाळी होताच सारा तांडा ऊसतोडीला गेला होता. तोडीला जोडीच लागते, म्हणून त्याची बायको निता यंदा धाकट्या दिरासोबत गेली होती.

"दरवाज्याआड असन ना एखादा," तो म्हणाला.

गोपालने रिकामा डबा उचलला. घरात कुत्री शिरू नयेत म्हणून, निताने सांगून ठेवल्याप्रमाणे, त्याने जाताना दाराला बाहेरून कुलूप लावलं.