घटोत्कचाची आई

उद्या गावात बोहाडा, देव-राक्षसांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, होता. नवसू ओट्यावर घटोत्कचाच्या मुखवट्याला मोखाड्याहून आणलेला काळा रंग देत होता. हे सोंग दरवर्षी धोंडीबाईचा सुदर्शन नाचवायचा. तो ठाण्यात बांधकामावरून पडून मेल्याचा फोन सकाळीच आला होता. आईला कळलं तर सुतक लागून बोहाडा थांबेल, म्हणून गावाने गप्प राहायचं ठरवलं. दुपारी धोंडीबाई आली, खांबाला टेकून बसली. “नवसू, घटोत्कच पडला तवा किस्नदेव नाचला म्हणतात. मग रानात त्याच्या आईला निरोप कोणी दिला?” “पोथीत नाय ते, वयनी,” नवसू मुखवट्याकडेच बघत म्हणाला. तिने ओला मुखवटा उचलून उलटा केला आणि आतल्या, सुदर्शनच्या घामाने कडक झालेल्या चिंधीला नाक लावलं. बोटं काळी झाली. “ही चिंधी बदलू नको,” ती म्हणाली. “बोहाडा होऊ दे. मग निरोप द्याया तूच ये.”