हातातून हातात

टेबलावरचा फोन थरथरायला लागला तसा त्याचा हात आपोआप पुढे गेला. मग त्याला आठवलं. त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

"उचल," तो नुकत्याच लागलेल्या मुलीला म्हणाला. विभागात सगळे तिला नवीच म्हणत.

नवी फोनकडे बघत राहिली. साप निघाल्यावर माणूस बघतो तशी.

"अगं उचल. चावत नाही तो."

"चावतो, सर," ती म्हणाली आणि तिने उचलला.

विभागात हा एकच जुना काळा फोन होता. कंपनीची यंत्रणा कुठेही अडली की तो वाजायचा. तो टेबलावर सोडून कुणी घरी जायचं नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, असा तिथला नियम. पूर्वी पाळ्या लावून घ्यायला चौघं होते. एकेक करत तिघं सोडून गेले आणि फोन ह्याच्या गळ्यात पडला. जेवताना वाजायचा, आंघोळीत वाजायचा. आता तर न वाजताही वाजायचा.

साहेबांनी त्याचा राजीनामा स्वीकारला होता, पण अट घालून.

"नवीला तयार कर. तिने एकटीने फोन सांभाळला की तू मोकळा. नाहीतर नोटिशीचे तीन महिने पूर्ण भर."

"आणि तिला नाही जमलं तर?"

"ती अजून कच्ची आहे, कायम कुठे केलीय? एका दिवसात घरी पाठवता येते. बोल, पाठवू?"

"नको, नको. हुशार आहे," तो घाईने म्हणाला होता.

तीन महिने त्याच्याकडे नव्हते. शहराबाहेरच्या रोपवाटिकेत त्याने सुट्टीच्या दिवशी जाऊन गुलाबाचे डोळे भरायला शिकून घेतलं होतं. रानगुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा त्यात बसवायचा, पट्टी बांधायची. मालक म्हातारा होता आणि तोंडाने फटकळ.

"हंगाम तोंडावर आलाय बाबा. सोमवारी आलास तर तू, नाहीतर दुसरा कुणी. मला एकच माणूस लागतो. आणि पदवी सांगू नकोस, मी हात बघून घेतो."

घरी बायकोचंही एकच पालुपद होतं. "अहो, सोडा ती नोकरी, मी कुठे नाही म्हणते? पण तिकडे पाय टेकल्याशिवाय इकडचा उचलू नका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात तर मला विचारू नका."

मधेच लेकीने तोंडाने त्या फोनचा हुबेहूब आवाज काढला. त्याच्या हातातून कप सुटला आणि फुटला. लेक हसायला लागली होती, बापाचा चेहरा बघून गप्प झाली.

बायकोने तुकडे गोळा केले. ते केरात टाकून म्हणाली, "सोमवारी जा तुम्ही."

म्हणून तो नवीला जीव तोडून शिकवत होता. कुठली तक्रार खरी, कुठली नुसती ओरड. कुणाला उठवायचं, कुणाला झोपू द्यायचं. ती ऐकायची, पण मन लागत नसे. एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायची. पालथ्या घड्यावर पाणी. मग तो वैतागून थांबायचा आणि जीव रमवायला रोपवाटिकेबद्दल बोलायचा. तेव्हा मात्र नवी खुर्ची पुढे ओढायची.

"तिथे फोन वाजत नाही, सर?"

"मालक आल्याआल्या कपाटात ठेवायला लावतो. म्हणतो, झाडं बोलत नाहीत, तुम्हीही बोलू नका."

"आणि चीर चुकली तर?"

"खोड वाळतं. आपला अंगठा कापतो." त्याने डाव्या अंगठ्याची पट्टी दाखवली. "साहेबांना सांगितलंय, भाजी चिरताना लागलं."

नवी हसली. तिला हसताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने तिला पेन्सिलीवर चीर कशी द्यायची ते दाखवलं. तिने ते एका दमात उचललं. फोनचं काम असं उचलशील तर बरं, असं त्याच्या मनात आलं.

शुक्रवारी दुपारी सगळंच बंद पडलं. फोन थांबेना. साहेब दारात येऊन उभे राहिले. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. नवीने फोन उचलला. ती एकेक माणूस गाठत गेली, एकेक गाठ सोडवत गेली. फोन धरलेल्या तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

संध्याकाळी सगळं सुरू झालं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झाला बाबा तू मोकळा."

"अंगठ्याला काय झालं गं?" निघताना त्याने विचारलं.

"भाजी चिरताना लागलं, सर."

त्याने काळा फोन तिच्या हातात दिला. हातातून हातात. तिने तो छातीशी धरला आणि कधी नव्हे ती वाकून त्याच्या पाया पडली. त्याला भरून आलं.

सोमवारी सकाळी तो रोपवाटिकेच्या फाटकाशी पोचला. बरोबर डबा, जुना शर्ट आणि स्वतःचा चाकू. आदल्या रात्री त्याला न वाजणारा फोन ऐकू आला नव्हता.

आतून मालकाचा आवाज आला. "ये रे! तूच पाठवलंस ना हिला? काय हात आहे पोरीचा! रविवारी सगळी वरची रांग भरली हिने. मी म्हटलं, हीच ठेवली."

फाटक उघडलं. समोर नवी उभी होती, हातांना कोपरापर्यंत माती.

"साहेबांना सकाळीच कळवलं, सर," ती खाली बघत म्हणाली. "कच्च्या माणसाला नोटीस नसते. आता फोनला कुणी नाही, म्हणून तुमच्या नोटिशीचे तीन महिने भरून घेणार म्हणाले."

तिने खिशातून काळा फोन काढून पुढे केला. तो वाजत होता. त्याचा हात आपोआप पुढे गेला.