पुढच्या दाराची पट्टी

“काढ ती पट्टी! गिऱ्हाइकासमोर काढ!” अप्पा खुर्चीतून ओरडले. “एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

गाडीच्या पुढच्या दारात पाणी शिरलं होतं. मोटर जळून काच खालीच अडकली होती. काचेलगतची रबरी पट्टी सहा महिन्यांपूर्वी याच गॅरेजमध्ये बदललेली. गाडीवाला हाताची घडी घालून उभा होता.

“माझंच काम असेल,” अप्पांचा थोरला मुलगा म्हणाला. “कशाला उकरतोस? रंग खरवडेल.”

“असेल नाही, आहेच!” धाकटा फिस्कारला. “रंगाची एवढी काळजी तेव्हा कुठे गेली होती?”

वर्षभर हेच चाललं होतं. कधी दार नीट बसायचं नाही, कधी एखादा स्क्रू राहून जायचा. जाब विचारला की थोरला मान खाली घालून ‘माझंच’ म्हणायचा. आज पुरावा मिळाला की त्यानं गॅरेज सोडायचं, असं अप्पांनी सकाळीच बजावलं होतं. पुरावा पट्टीखाली होता. काम ज्याचं, त्यानं झाकल्या जागी पेन्सिलीनं आपली खूण करायची, हा अप्पांचाच नियम; अधूनमधून स्वतः एखादं काम हाती घेतलं की तेही तो पाळायचे. थोरल्याची एक रेघ, धाकट्याच्या दोन.

धाकट्यानं कडेच्या रंगावर चिकटपट्टी लावली. दाराच्या टोकाचा स्क्रू काढला. मग प्लास्टिकची पाचर रबराखाली सरकवून तो इंचाइंचानं उचलू लागला. एकही क्लिप ‘टक’ करून सुटली नाही. सगळ्या आधीच मोडलेल्या होत्या.

“गोंदानं डकवलीय नुसती,” तो म्हणाला.

“गोंद? माझ्या गॅरेजात?” अप्पांनी काठी आपटली. “अरे, आंधळासुद्धा याहून बरं काम करील! लाज कशी वाटली नाही रे तुला?”



पट्टी निघाली. धाकट्यानं पत्र्यावरची धूळ फुंकली आणि वाकून पाहिलं. रेघ नव्हतीच. एक गोल होता. थरथरत काढलेला, टोकं न जुळलेला. गॅरेजमध्ये गोल एकच माणूस काढत असे.

त्यानं वर पाहिलं. थोरला त्याच्याकडेच बघत होता. त्यानं किंचित मान हलवली. नको.

“तोंड शिवलंय का?” अप्पा गरजले. “खूण कोणाची?”

धाकट्यानं अंगठ्यानं तो गोल पुसून टाकला.

“माझी, अप्पा.”